शिक्का न उठण्याबाबत

माणसाचं वय जन्मतारखेवरून ठरतं असं सरकार मानतं. सासुरवाडी मानत नाही. धाकटे हे त्यांच्या साडूपेक्षा चांगले अकरा महिन्यांनी मोठे. पण त्यांनी केली धाकटी बहीण आणि साडूंनी केली थोरली, एवढ्या एका अपराधावरून हे जन्माचे धाकटे ठरले आणि ते थोरले. केस ह्यांचे आधी पिकले, चष्मा ह्यांना आधी लागला, कंबर ह्यांची आधी धरली, तरी थोरले ते थोरलेच. बरं, हे घरापुरतं असतं तर माणूस गिळून टाकतो. पण दोघे एकाच कचेरीत, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर. त्यामुळे बावीस वर्षांत अख्खी कचेरी त्यांना थोरले-धाकटे म्हणू लागली, साहेबसुद्धा. खरं नाव काय ते हजेरीपटात उरलं होतं, आणि हजेरीपट वाचतो कोण.

कचेरी जुन्या दस्तांच्या नकला देण्याची. कुणाला आजोबांचं खरेदीखत हवं असतं, कुणाला वाटणीपत्र. धाकट्यांकडे रुजवातीचं काम, म्हणजे मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून ओळन्‌ओळ, काना-मात्रा-वेलांटीसकट ताडून पाहायची. मान मोडून करायचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा एका मृत्युपत्रात त्यांनी 'दिर' आणि 'दीर' यांतला फरक पकडला होता, आणि ते अजून सांगतात. पण एवढं सगळं करून कागद जायचा समोरच्या टेबलावर, तिथं थोरले त्यावर शिक्का उठवायचे, आणि लोक आभार मानायचे ते थोरल्यांचे.

हा शिक्का शाईचा नव्हे बरं का. लोखंडी, जाडजूड चिमट्यासारखा, मुठीत धरून करकचून दाबायचा. कागद जबड्यात सापडला की त्यावर गोल चिन्ह उठून यायचं, बोट फिरवलं की बोटाला लागायचं. तो उठाव असला तर ती 'खरी नक्कल', नसला तर रद्दी. थोरले चार दिवस आधी नोकरीला लागले म्हणून तो शिक्का त्यांच्या ताब्यात. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं खट्‌, की कागद हसत पुढं. ते हसणं धाकट्यांना बावीस वर्षं सलत होतं. घरी बायको शेजारणींना सांगायची, "आमचे हे कागद तपासतात. भाऊजींच्या हातात शिक्का आहे." तिच्या बोलण्यात वाईट काही नसायचं, आणि तेच जास्त लागायचं.

तर एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका नक्कल परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "बँकेनं परत पाठवली. शिक्का उठलेला नाही म्हणतात."

थोरले जागेवर नव्हते. धाकट्यांनी कागद घेतला, बोट फिरवलं आणि काय सांगावं, त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिक्का खरोखरच उठला नव्हता. उजवीकडून अर्धाच आला होता, तोही जेमतेम. बाईंना त्यांनी इतक्या प्रेमानं बसवलं, पाणी दिलं, थोरले आल्यावर दुसरी नक्कल करवून दिली की बाई जाताना संशयानं मागे वळून पाहत गेल्या. परत आलेली नक्कल धाकट्यांनी आपल्या कप्प्यात घातली, कुलूप लावलं आणि एक नवी कोरी वही काढली.

पुढचे आठ महिने धाकट्यांनी जे निरीक्षण केलं त्याला तोड नाही. असं लक्ष त्यांनी मुलीच्या दहावीलाही दिलं नव्हतं. कप्प्यात परत आलेल्या नकला साठत गेल्या, तारीखवार. आणि वहीत नोंदी. 'सोमवार. शिक्का एका हातानं न दाबता दोन हातांनी दाबला. कामात मन नाही.' 'गुरुवार. चहाचा कप हातून पडला. बेफिकिरी.' 'शुक्रवार. शिक्का टेबलाच्या कडेवर ठेवून कोपरानं दाबला. सरकारी मालमत्तेचा अनादर.' घरगुती गाठीभेटींतही वही खिशात असायचीच. 'रविवार. शर्टाच्या बाहीचं बटण उघडं. या वयात फॅशन.' 'घराचं कुलूप उघडायला किल्ली ताईंच्या हातात दिली. बायकोवर हुकूम.' 'बरणीचं झाकण उघडेना म्हणून मुलाकडे सरकवली. आळस.' 'बोलताना अंगठा टेबलावर आपोआप उडत होता. आपण बोलतो तेव्हा लक्ष नसल्याची खूण.' आणि शेवटी तर कळसच. 'उजव्या हाताच्या अंगठा आणि बोटामधलं मांस ओसरून खळगा पडला आहे. कित्येक महिने हाताला काम नसल्याचा धडधडीत पुरावा.'

ह्या वहीवरून त्यांनी तक्रार लिहिली. विषय: शिक्का न उठण्याबाबत. चार पानं, सोबत तेवीस सदोष नकला. खाली नम्रपणे सुचवलं होतं की ही जबाबदारी कुणा दक्ष कर्मचाऱ्याकडे द्यावी. कुणाकडे ते लिहिलं नव्हतं, कारण खोलीत दोनच कर्मचारी होते.

साहेबांना निर्णय घ्यायची भारी भीती. त्यांनी तक्रार तीन आठवडे टेबलावर ठेवली, पेपरवेट बदलून पाहिले, आणि मग शेरा मारला, 'येत्या शुक्रवारी सुनावणी. तोवर थोरल्यांना कळवू नये, त्यांना वाईट वाटेल.'

ह्या तीन आठवड्यांत धाकट्यांची झोप उडाली. चहा सहा कपांवर गेला. आणि एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्यांची डावी पोटरी फडफडू लागली. आपोआप. कातडीखाली काहीतरी उड्या मारतंय असं. त्यांनी पायजमा वर करून बायकोला हाक मारली.

"हे बघ. बघितलंस का?"

बायकोनं बघितलं. "उडतंय खरं. भाऊजींच्या हाताचंही असंच उडतं, ताई सांगत होती. पण ते बोलत नाहीत हो कधी."

झालं. म्हणजे फडफडसुद्धा आधी थोरल्यांची. आणि वर ते ती सोसत होते, म्हणजे ह्यांनी नुसतं पायजमा वर करून दाखवलं तरी हे रडके. धाकट्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की आपली फडफड मोठ्यात मोठी निघाली पाहिजे, नाव असलेली, कागदावर लिहून मिळालेली.

इमारतीत बातमी पसरायला पायजमा एकदा वर होणं पुरेसं होतं. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "केळी खा, दिवसाला तीन." वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रिल मास्तर म्हणाले, "केळी अजिबात नकोत, पाय उंच ठेवून झोपा." धाकटे पाय उंच ठेवून केळी खाऊ लागले. मास्तर रोज सकाळी दारात उभे राहून पोटरी पाहून जायचे आणि "आज जरा कमी आहे" म्हणायचे, ते धाकट्यांना आवडायचं नाही. शेजारच्या फार्मसिस्टनं मात्र गंभीर चेहरा करून सांगितलं, "नसांच्या डॉक्टरांना दाखवा." एवढा योग्य मान देणारा माणूस त्यांना आठ दिवसांत पहिल्यांदा भेटला होता. साध्या डॉक्टरला आपल्या पोटरीची काय किंमत, असं म्हणून त्यांनी थेट मोठ्या दवाखान्यात नंबर लावला.

नसांच्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या होत्या आणि फार कमी बोलायच्या. त्यांनी धाकट्यांना चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं, खुर्चीतून हात न टेकता उठवलं. गुडघ्यावर हातोडी मारली. मग आपली दोन बोटं पुढं केली. "दाबा. जोरात."

धाकट्यांनी दाबली. बाईंनी बोटं सोडवून घेतली आणि झटकली.

"जोर उत्तम आहे. झोप किती, चहा किती?"

धाकट्यांनी खरं सांगितलं.

"मग फडफडणारच. नुसती फडफड असेल आणि जोर शाबूत असेल तर बहुतेक वेळा त्यात काही नसतं. चहा कमी करा, महिन्यानं दाखवून जा."

"काहीच नाही?" धाकट्यांचा चेहरा पडला.

बाईंना असे रोगी माहीत असावेत. त्या जरा हसल्या. "काही निघालं असतं तर बरं वाटलं असतं का? अहो, फडफडीला मी घाबरत नाही. मी घाबरते जोर जातो तेव्हा. बटण लागत नाही. किल्ली फिरत नाही. झाकण उघडत नाही, वस्तू हातून पडते. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, म्हणून माणूस लक्ष देत नाही, आणि महिन्यामागून महिना जोर कमी होत जातो. मग अंगठ्याजवळचं मांस ओसरतं. त्याच हाताला वर फडफडही असते. असे लोक माझ्याकडे फार उशिरा येतात."

धाकटे ऐकत होते. बाई एकेक शब्द बोलत होत्या आणि ह्यांच्या खिशातल्या वहीचं एकेक पान उलटत होतं. बटण. किल्ली. झाकण. कप. मांस. रुजवात घालण्यात उभी हयात गेलेला माणूस तो. दोन्ही कागद काना-मात्रेसकट जुळत होते.

आता इथं धाकट्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना पहिल्यांदा आला राग. म्हणजे नंबर लावला आपण, चार दिवस थांबलो आपण, टाचांवर चाललो आपण, आणि आजार निघाला थोरल्यांना. आता सगळी सासुरवाडी तिकडे धावणार, बायको डबे पाठवणार, आणि आपली पोटरी कोण विचारतो. हे सगळं मनात येऊन गेलं आणि ते नमस्कार करून बाहेरही पडले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना ताईंच्या हातातली किल्ली आठवली. कुलपाशी झटापट करून शेवटी ती किल्ली पुढं करताना थोरले हसले होते. ते हसणं त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं. ते परत फिरले आणि पुढच्या रोग्याला बाजूला सारून आत शिरले.

"डॉक्टर, माझे साडू."

"काय झालं त्यांना?"

धाकट्यांनी वही समोर ठेवली आणि परत आलेल्या नकलांचंही सांगितलं. बाईंनी दोन पानं वाचली. मग म्हणाल्या, "हे कशासाठी लिहिलं होतं?"

"कार्यालयीन कामासाठी."

"गुरुवारी घेऊन या त्यांना, वही घेऊन. आणि ते शिक्क्याचे कागदही आणा, मूळ. झेरॉक्सवर उठाव दिसायचा नाही. जोर किती झपाट्यानं गेलाय ते त्यावरून कळेल. उपचार होण्यासारखं काही निघालं तर वेळेला फार किंमत असते."

तो मंगळवार होता. गुरुवारी डॉक्टर, शुक्रवारी सुनावणी, आणि ते तेवीस कागद साहेबांच्या फायलीत. सरळ थोरल्यांना गाठून सांगावं तर एवढं बारीकसारीक तुम्हाला कसं ठाऊक, हा प्रश्न येणार. म्हणून धाकट्यांनी आधी गुपचूप कागद सोडवायचे ठरवले आणि बुधवारी सकाळी आवक-जावकच्या बाईंकडे गेले.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"घ्या की. मागे घेतल्याचा अर्ज करा. तो तक्रारीला जोडला जाईल."

"मग तक्रार जाईल ना?"

"जाईल कुठं? अर्ज जोडल्यावर फाईल जाड होईल."

"निदान त्या तेवीस नकला तरी द्या. दवाखान्यात दाखवायच्या आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कचेरीचे कागद दवाखान्यात का, हे विचारण्याच्या त्या बेतात होत्या, पण नियम आठवला आणि कुतूहल मागे पडलं. "मूळ कागद हवा असेल तर त्याची खरी नक्कल फायलीत ठेवावी लागते. रुजवात घालून, शिक्क्यासह. तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचंच खातं."

धाकट्यांनी तेवीस कागदांचे झेरॉक्स काढले आणि स्वतःच्याच तक्रारीच्या पुराव्यांची रुजवात घातली. तक्रारही पुन्हा वाचावी लागली. तिच्यात 'कामचुकार' हा शब्द नऊ वेळा होता आणि शुद्धलेखन अचूक होतं. मग शिक्क्यासाठी झेरॉक्स, मूळ कागद आणि तक्रार असा गठ्ठा उचलून समोरच्या टेबलापर्यंत चार पावलं जायचं होतं. त्या चार पावलांना त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागला.

नकला न्यायला आलेले लोक पांगल्यावर त्यांनी गठ्ठा थोरल्यांपुढं ठेवला. थोरल्यांनी सवयीनं शिक्का उचलला, वरचा कागद पाहिला, आणि खाली ठेवला. मग एकेक कागद पाहत गेले. तेवीस कागदांवर तेवीस शिक्के. पहिल्यांवर थोडाथोडका उठाव होता, मग पुसट, आणि शेवटच्यावर नुसता कागद चुरगळलेला. त्यांनी डावा हात त्यावरून फिरवला. तक्रारही वाचली, चारही पानं. धाकटे उभेच होते. टेबलावर थोरल्यांचा उजवा अंगठा उडत होता, आणि आज दोघेही त्याच्याकडेच पाहत होते.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," थोरले म्हणाले.

"नव्हतं कळलं. मला वाटलं तुम्ही काम टाळता."

"मला कळलं होतं. पहिल्या महिन्यातच." त्यांनी शिक्का मुठीत घेतला, बोटं आवळायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "घरी सांगितलं असतं तर ती घाबरली असती. इथं सांगितलं असतं तर हा काढून घेतला असता. मला दुसरं येतं काय हो? तुमच्यासारखी रुजवात मला जन्मात जमली नसती. मी आपला दाबणारा माणूस."

बावीस वर्षांत हे वाक्य थोरल्यांनी कधी उच्चारलं असतं तर धाकट्यांनी पेढे वाटले असते. आज त्यांना ते ऐकवेना. त्यांनी दवाखान्याचं सगळं सांगितलं, पोटरीसकट, टाचांवर चालण्यासकट, काही न लपवता. "उद्या यायचं. मी नंबर लावलाय. तुमच्या नावानं."

"आणि नाही आलो तर?"

"तर परवा सुनावणीत मी हे सगळं वाचून दाखवीन, ताईंना समोर बसवून."

थोरल्यांनी तक्रार गठ्ठ्याखाली सरकवली. मग म्हणाले, "ह्या नकलांवर शिक्का तर हवा. नियमानं मीच उठवायला पाहिजे."

त्यांनी शिक्का धरला. धाकट्यांनी टेबलाला वळसा घातला, त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दाबली. खट्‌. तेवीस वेळा. थोरल्यांच्या हाताची हाडं आपल्या तळव्याला लागताहेत हे धाकट्यांना पहिल्याच दाबाला कळलं, आणि पुढचे बावीस शिक्के त्यांनी कागदाकडे न पाहता उठवले. थोडे वाकडे आले.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी थोरल्यांच्या हाताला यंत्रं लावली, विजेचे हलके झटके दिले, सुया टोचून स्नायूंचा आलेख काढला. थोरले हूं की चूं करीत नव्हते आणि बाहेर धाकट्यांना घाम फुटत होता. तपासण्या पुढं पंधरा दिवस चालल्या. तेवढ्यात साहेबांची सुनावणी झाली, म्हणजे साहेबांनी डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, मोठा सुस्कारा सोडला आणि निर्णय घ्यावा लागला नाही म्हणून दोघांना चहा पाजला. शिक्का तात्पुरता धाकट्यांकडे आला. पहिल्या दिवशी त्यांनी चाळीस नकला शिक्क्यानिशी काढल्या आणि एकालाही हसून कागद देणं त्यांना जमलं नाही.

सोळाव्या दिवशी बाईंनी दोघांना बोलावलं. त्यांच्यापुढं अहवाल होते, वही होती आणि ते तेवीस कागद तारखेप्रमाणे मांडलेले होते.

"ज्याला औषध नाही त्या आजाराची मला भीती होती, तो ह्यात दिसत नाही," त्या थोरल्यांना म्हणाल्या. "शरीरच स्वतःच्या नसांवर उलटलंय, असा हा प्रकार आहे. ह्याला औषध आहे. दर महिन्याला दवाखान्यात येऊन शिरेतून घ्यावं लागेल. गेलेला सगळा जोर परत येईल असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळसा यावा, आणि पुढचा जाऊ नये. आणखी सहा महिने गेले असते तर मी असं बोलले नसते." मग त्यांनी वही उचलली. "हे लिहिणारा माणूस कोण? अशी नोंद घरचे लोकही ठेवत नाहीत. बायको ठेवत नाही."

बावीस वर्षं धाकट्यांना हवा होता तो क्षण हाच. थोरल्यांच्या देखत, तिसऱ्या माणसाच्या तोंडून, आपलं कौतुक. धाकट्यांनी मान खाली घातली. आता थोरले सांगणार, आणि त्यांनी सांगावंच.

"हे माझे साडू," थोरले म्हणाले. "माझ्यावर फार जीव आहे त्यांचा."

तोंडावर रेषही हलली नाही. बाईंनी धाकट्यांकडे इतक्या आदरानं पाहिलं की ते खुर्चीत आणखी खाली सरकले. बरं, खोटं बोलले तेही किती सहज, किती मोठ्या मनानं. ह्याच्यातसुद्धा हा माणूस पुढं. क्षमा करायचीच होती तर निदान चार दिवस अबोला धरून, जरा उपकार दाखवून तरी करायची. धाकट्यांना पुन्हा तेच जुनं सलू लागलं, आणि ह्या वेळी त्याची त्यांना लाजही वाटली.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांना राहवेना.

"खोटं कशाला बोललात?"

"खोटं काय त्यात?" थोरल्यांनी उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला. "आठ महिने ह्या हाताकडे तुमच्याइतकं कुणी पाहिलंय? हिनं नाही. मी तर बघायचंच टाळत होतो. जीव नव्हता म्हणता, मग काय होतं?"

धाकट्यांनी दवाखान्याच्या फरशीकडे पाहिलं. खूप शब्द होते, नऊ वेळा लिहिलेला एक होता. पण खरा एकच होता, आणि तो त्यांनी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

"जळत होतो तुमच्यावर," ते म्हणाले.

थोरल्यांनी मान डोलावली. उठायला त्यांनी धाकट्यांच्या खांद्यावर हात टेकला.

"मग अजून वर्षभर जळा," ते म्हणाले. "बाईंना दर महिन्याला नोंद लागणार आहे."